तलावातली जलपर्णी आणि गौचरातला गांडा बावळ यांचा व्यवहारात उपयोग कसा करावा?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे)

सर्वांना नमस्कार. आमचे वडिलोपार्जित शेत डभोई तालुक्यात आहे. तेथील एका सखी मंडळाच्या (महिला बचत गटाच्या) महिलांशी आमच्या बडोद्यातील मराठी भगिनींचा बऱ्याच काळापासून संबंध आहे. पापड-लोणची आणि शिवणकाम यांखेरीज आणखी काही काम या महिलांच्या हाताला मिळावे, अशी त्यांची आणि आमचीही इच्छा आहे.

या गावाचा तलाव उन्हाळा सोडला तर जवळजवळ पूर्ण जलपर्णीने झाकलेला असतो. गौचराच्या, म्हणजे गायरानाच्या, जमिनीवर गांडा बावळ (वेडी बाभूळ) इतका माजला आहे की गुरे आत शिरूच शकत नाहीत. कालव्याच्या कडेने घाणेरी आहे, आणि पावसाळा सुरू झाला की पडीक वावरांत गाजरगवत उगवते. पंचायत अधूनमधून यंत्र लावून तलाव साफ करते आणि काढलेला ढीग काठावरच कुजत पडतो. गांडा बावळ लोक सरपणासाठी तोडतात, पण तो पुन्हा अधिकच दाट फुटतो. हे सगळे पाहून मनात येते की जे फुकट आणि अमाप उपलब्ध आहे, त्याचा उपयोग सापडला तर ते काढण्याचे कष्ट कुणी आनंदाने घेईल. सयाजीरावांच्या काळात, १९१० मध्ये, बांधलेला वढवाणा तलाव याच तालुक्यात आहे आणि २०२१ साली त्याला रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला आहे. हिवाळ्यात तेथे येणारे पक्षी पाहिले की आपल्या गावाचे पाणीही असेच मोकळे असावे, असे फार वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. या वनस्पतींपासून खत, टोपल्या, कोळसा किंवा आणखी काय बनवता येईल? त्यांपैकी कोणते काम महिलांना झेपेल आणि कोणते टाळलेले बरे? आणि असा उपयोग सुरू केला, तर वनस्पती खरोखर कमी होतात का? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर (मकरपुरा; कृषी विस्ताराच्या कामातून निवृत्त)

ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नापासून मी सुरुवात करतो, कारण इतर सर्व निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. उपयोग केल्याने वनस्पती आपोआप कमी होत नाहीत. ज्या उपयोगात माल मोठ्या प्रमाणात, एकदम आणि जागच्या जागी खपतो, त्यानेच तलाव मोकळा होतो. त्या दृष्टीने आपल्या गावासाठी पहिले काम कंपोस्टचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जलपर्णीच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ट्रॅक्टरभर ओली जलपर्णी दूर नेणे म्हणजे पाण्याच्या वाहतुकीसाठी डिझेल जाळणे, म्हणून ती काठावरच वापरली पाहिजे. बाहेर काढलेली जलपर्णी उतारावर पसरून ठेवावी, म्हणजे पाणी निथळते आणि काही दिवसांत ती कोमेजते. पसरण्याची जागा मात्र पाण्यापासून चांगली दूर असावी, कारण एखादे कोवळे पिल्लूरोप पुन्हा पाण्यात पडले तरी त्यापासून नवी वसाहत उभी राहते. कोमेजलेली जलपर्णी कोयत्याने किंवा कडबाकुट्टीने बारीक करावी आणि नाडेप टाकीत भरावी.

नाडेप ही पद्धत विदर्भातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी बसवली आणि आज ती देशभर वापरली जाते. जाळीदार विटांची ही टाकी दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असते. एका टाकीला साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, सुमारे १७५० किलो चाळलेली कोरडी माती आणि १५०० ते २००० लिटर पाणी लागते. जलपर्णी कोमेजली तरी ओलसरच राहते, म्हणून पाणी हाताचा अंदाज घेत कमी करावे आणि थरांमध्ये गव्हाचे काड किंवा कपाशीच्या पळकाट्यांचा बारीक भुगा घालावा. तसे केले नाही तर टाकीत हवा खेळत नाही आणि माल कुजण्याऐवजी सडतो. वरून शेणमातीने लिंपून टाकी बंद केली की तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. हे काम महिला गटाला निश्चित झेपते आणि खताला गिऱ्हाईक शोधत शहरात यावे लागत नाही. गावातच केळी आणि पपई लावणारे शेतकरी असले, तर कोमेजलेली जलपर्णी आच्छादन म्हणून थेट ओळींमध्येही अंथरता येते.

यातील सर्वांत महत्त्वाची अट पाण्याची आहे. जलपर्णीची मुळे शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू पाण्यातून शोषून स्वतःत साठवतात. आपल्या तलावात फक्त गावाचे सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारे खत मिसळत असेल, तर खत करण्यास हरकत नाही. परंतु कारखान्यांचे पाणी येणाऱ्या नाल्यातली किंवा शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्रीतली जलपर्णी भाजीपाल्याच्या खतासाठी मुळीच वापरू नये. शंका असल्यास तयार खताचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि अहवाल येईपर्यंत ते खत फुलझाडांपुरतेच ठेवावे. गुरांना जलपर्णी भरपूर खाऊ घालण्याचा सल्ला काही जण देतात. तो मला मान्य नाही, कारण तिच्यात पोषण थोडे आणि पाणी फार असते.

गोबरगॅसचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. जलपर्णीपासून गॅस चांगला मिळतो, पण तिचे तंतू टाकीत वर तरंगतात आणि जाड साय धरतात. त्यामुळे ती अगदी बारीक करून शेणाबरोबर थोड्या प्रमाणातच घालावी लागते. घरगुती संयंत्र त्यामुळे चालेल, तलाव मात्र रिकामा होणार नाही.

आता धोक्याविषयी लिहितो. बडोदे जिल्ह्यात मगर फक्त विश्वामित्रीत असते, असे समजू नये. ढाढर नदीच्या परिसरात आणि गावोगावच्या तलावांतही मगरी राहतात, आणि जलपर्णीच्या गालिच्याखाली त्या दिसत नाहीत. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी काठावर खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पिल्ले बाहेर पडतात. या काळात ती घरट्याजवळ अतिशय आक्रमक असते. नेमका हाच तलाव आटण्याचा आणि साफसफाईचा काळ असतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी वनखात्याला कळवून काठ तपासून घ्यावा, महिलांना पाण्यात उतरवू नये आणि लांब बांबूला आकडा लावून काठावरूनच जलपर्णी ओढावी. मगर हा वन्यजीव कायद्याने संरक्षित प्राणी आहे. घरटे सापडले तर तो भाग सोडून काम करावे.

शेवटी एक कटू गोष्ट सांगतो. सांडपाणी तलावात येतच राहिले तर आपण कितीही खत केले तरी जलपर्णी परत येईल. तिचे बी तळच्या चिखलात पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहते. बंगाल प्रांतात १९३६ साली जलपर्णी निर्मूलनाचा कायदा करावा लागला, तरीही ती तेथून गेली नाही. सांडपाण्यासाठी शोषखड्डे आणि तलावाच्या तोंडाशी केळी-कर्दळीची पट्टी हे काम खताच्या टाकीइतकेच आवश्यक आहे.

गाजरगवताचेही याच टाकीत खत होते, परंतु ते फुलावर येण्यापूर्वीच मुळासकट उपटले पाहिजे, कारण एका झाडापासून हजारो बिया पडतात. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे यांशिवाय कुणालाही हे काम देऊ नये. या गवतातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचेला जो त्रास होतो तो एकदा सुरू झाला की वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. भारतात हे गवत १९५५ साली पुण्यात प्रथम लक्षात आले, आणि ते खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८०च्या दशकात मुद्दाम आणून सोडण्यात आला. पावसाळ्यात पानांवर पिवळसर, काळ्या रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर ते गवत फवारू नये, भुंगेऱ्यांना त्यांचे काम करू द्यावे.

उत्तर (कारेलीबाग, हस्तकलेचे शिक्षण देते)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात हस्तकलेविषयी काही नसल्यामुळे तेवढे मी लिहिते.

जलपर्णीच्या देठांपासून टोपल्या, पिशव्या, चटया उत्तम होतात, यात शंका नाही. आसाममध्ये अनेक वर्षांपासून याचे प्रशिक्षण दिले जाते, आणि गुवाहाटीजवळच्या दीपोर बील या सरोवराकाठच्या मुलींनी जलपर्णीपासून योगासनांची चटई तयार केली आहे. विणकामाला लांब आणि सरळ देठच लागतात. ते दाटीवाटीने वाढलेल्या जलपर्णीत मिळतात, मोकळ्या पाण्यातल्या फुगीर, आखूड देठांचा उपयोग होत नाही. देठ धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळवून, मग चपटे करून किंवा वेणी घालून वापरतात. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट झाली की वाळलेल्या देठांवर बुरशी धरते, म्हणून वर्षाचा माल डिसेंबर ते मे या काळात वाळवून कोरड्या खोलीत जमिनीपासून उंचावर ठेवावा लागतो. बुरशी धरलेली एक पिशवी ग्राहकाच्या घरी गेली, तर पुढची मागणी येत नाही.

परंतु ताई, हस्तकलेने तलाव साफ होईल अशी आशा महिलांना दाखवू नये. वाळल्यावर वजन दहावा भागही उरत नाही, आणि त्यातील मुळे व पाने टाकूनच द्यावी लागतात. वर्षभर पिशव्या विणल्या तरी तलावाचा एक कोपराच मोकळा होईल. माझ्या मते खतासाठी काढलेल्या ढिगातून चांगले देठ निवडून घ्यावेत आणि उरलेला माल टाकीत जावा. दोन्ही कामे अशी जोडली तर विणकामासाठी जलपर्णी राखून ठेवण्याची वेळ येणार नाही.

घाणेरीची गोष्ट जरा वेगळी आहे आणि मला ती जास्त आशादायक वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणलेली ही वनस्पती आज देशभरच्या जंगलांत पसरली आहे. कर्नाटकातील मले महादेश्वर डोंगरांत सोलिगा समाजाचे कारागीर घाणेरीच्या काठ्यांपासून खुर्च्या, टेबले आणि टोपल्या बनवतात. पद्धत साधी आहे. काठ्या मोठ्या पिंपात पाण्यात उकळतात, गरम असतानाच साल सोलतात आणि लवचीक असतानाच हवा तो आकार देतात. वेताऐवजी ही काठी चालते आणि तिला वाळवी सहसा लागत नाही. नीलगिरीत गुडलूर परिसरातील आदिवासी कारागिरांनी याच काठ्यांपासून खऱ्या आकाराचे हत्ती घडवले आणि २०२१ मध्ये ते लंडनच्या उद्यानांत मांडले गेले.

आपल्याकडे बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या वांसफोडा समाजाच्या हातांत हे कौशल्य आधीच आहे. बांबूचे भाव वाढल्यामुळे त्यांची ओढाताण होते. सखी मंडळाने त्यांच्यापैकी एखाद्या अनुभवी बाईंना मोबदला देऊन शिकवायला बोलवावे, असे मला मनापासून वाटते. बाहेरच्या प्रशिक्षकापेक्षा त्यांचा हात आणि त्यांची भाषा दोन्ही गावाला जवळची आहेत. मात्र काठ्या कालव्याच्या कडेच्या किंवा स्वतःच्या शेतातल्याच तोडाव्यात. जांबुघोड्यासारख्या अभयारण्यातून घाणेरी तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते. पाने आणि हिरवी फळे विषारी असतात, ती गुरांच्या वाटेवर टाकू नयेत.

उत्तर (अलकापुरी, पूर्वी भुजला वास्तव्य)

गांडा बावळाविषयी कुणी लिहिलेले नाही, म्हणून कच्छमधला अनुभव सांगतो. उपयोग शोधण्याच्या विचारात कुठे थांबावे, हे बन्नीच्या गवताळ प्रदेशाएवढे स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

बन्नी हा सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश एके काळी आशियातील उत्तम कुरणांमध्ये गणला जाई. रणातून पुढे सरकणारी क्षारता रोखण्यासाठी १९६१ पासून तेथे सरकारी पातळीवर गांडा बावळ लावण्यात आला. गुरांनी गोड शेंगा खाल्ल्या, बिया शेणातून न पचता बाहेर पडल्या आणि झाड सर्वत्र पसरले. शेंगांचा अतिरेक कांकरेज गाईंना मानवत नाही, त्यामुळे मालधारी (तेथील पशुपालक) हळूहळू म्हशींकडे वळले. पुढे २००४ मध्ये कोळशासाठी तोडीला मोकळीक मिळाली आणि २००८ मध्ये ती पुन्हा बंद झाली. त्या चार वर्षांत कोळशाच्या भट्ट्यांवर असंख्य कुटुंबांचे पोट अवलंबून राहू लागले.

यात कुणा गरीब माणसाचा दोष नाही, हे मी ठासून सांगतो. पारंपरिक भट्टीत चार-पाच किलो लाकडापासून एक किलो कोळसा मिळतो. रोज धुरात उभे राहून तो काढणे अत्यंत कष्टाचे आहे, पण हातात रोख पैसा येतो. झाड मुळासकट काढले तर पुढच्या वर्षी कोळसा नाही, म्हणून ते जमिनीच्या वरून तोडले जाते, आणि एका खोडाच्या जागी अनेक फांद्यांचे झुडूप उभे राहते. आपल्या गौचरात सरपणामुळे तेच होत आहे. म्हणजे उपयोग होत आहे आणि झाडही वाढत आहे. उपयोगाने माणसांचे हित झाडाच्या टिकण्याशी बांधले गेले, की निर्मूलनाला गावातूनच विरोध सुरू होतो.

म्हणून उपयोग असा निवडावा की झाड संपले तरी कुणाचा रोजगार बुडू नये. तामिळनाडूने नीलगिरीच्या डोंगरांत आणि आसपासच्या जंगलांत पसरलेल्या सेन्ना स्पेक्टाबिलिस या झाडाबाबत जे केले ते मला योग्य वाटते. तेथील सरकारी कागद कारखान्याला ही झाडे लगद्यासाठी दिली जातात. कारखाना आधीपासून दुसऱ्या लाकडावर चालतोच, त्यामुळे हे झाड संपले तरी तो बंद पडणार नाही. आपल्या गावातही गांडा बावळाचे लाकूड एकाच हंगामात, आधीच चालू असलेल्या वीटभट्टीला किंवा लाकूड जाळणाऱ्या कारखान्याला पंचायतीच्या ठरावाने विकावे आणि त्या पैशातून मुळे काढण्याचा खर्च भागवावा. गौचर ही गावाची सामाईक जमीन असल्याने ठराव लेखी असावा आणि हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. कोळशाची नवी भट्टी मात्र गावात उभी करू नये.

तोड जमिनीखाली निदान एक वीत खोल व्हायला हवी, कारण नवे फुटवे खोड आणि मूळ जेथे जुळतात त्या भागातून येतात. मोठ्या झाडांना यंत्र लागेल. शेंगांचा उपयोग करायचा असेल तर त्या पूर्ण वाळवून, बीसकट दळून, पेंडीत थोड्या मिसळाव्यात. दळल्याने बी मरते आणि पसार थांबतो. अख्ख्या शेंगा गुरांना घालणे म्हणजे पुढच्या पावसाळ्याची पेरणी करणे होय. शेंगा वेचणे आणि दळणे हे काम महिलांना सोपे आहे, आणि झाडे उभी असेपर्यंत ते जरूर करावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर (दांडिया बाजार)

काका, ताई आणि अलकापुरीचे भाऊ, आपण तिघांनी इतक्या आत्मीयतेने वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी हे सर्व गुजरातीत सांगून सखी मंडळाच्या बैठकीत मांडणार आहे. पहिल्या वर्षी दोन नाडेप टाक्या आणि घाणेरीच्या टोपल्या एवढेच घ्यावे, असे मला वाटते. गौचराचा ठराव सरपंचबेनशी बोलून हिवाळ्यात करता येईल. एक शंका राहिली. गौचरातून गांडा बावळ काढल्यावर जमीन उघडी पडेल, तेथे लगेच काय लावावे? नाहीतर तीच जागा गाजरगवत घेईल, अशी भीती वाटते.

उत्तर (अलकापुरी)

आपली भीती रास्त आहे. मुळे मे महिन्यापर्यंत काढून घ्यावीत आणि पहिल्या पावसाबरोबर स्थानिक गवते पेरावीत. धामण हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत चांगले येते. काळ्या जमिनीत जिंजवो, ज्याला महाराष्ट्रात मारवेल म्हणतात, ते अधिक टिकते. बी हलके असल्याने ते ओल्या माती-शेणात मिसळून गोळ्या करून टाकले तर वाऱ्याने उडत नाही. जमिनीत पडून राहिलेले बावळाचे बी पुढील काही वर्षे उगवत राहील, तेव्हा दर श्रावणात माती ओली असताना वीतभर उंचीची रोपे हाताने उपटून टाकावीत. त्या वयात मूळ सहज निघते, वर्षभर थांबलात तर कुदळ लागेल. पहिल्या पावसाळ्यात या तुकड्यावर चराई पूर्ण बंद ठेवावी आणि दसऱ्यानंतर गवताचे बी गळल्यावर ते कापून गोठ्यात नेऊन घालावे. संपूर्ण गौचर एकाच वर्षी बंद केले तर गुरे असलेली घरे नाराज होतील, म्हणून एक चतुर्थांश भागापासून आरंभ करावा. तो भाग विहिरीच्या किंवा वस्तीच्या बाजूचा घेतला तर राखण करणे सोपे जाईल.